महाकाय हमिंगबर्ड: एक की दोन?

जास्वंदीत चोच खुपसणाऱ्या आपल्या शिंजीराला बरेच जण हौसेने हमिंगबर्ड म्हणतात. खरे हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत सापडतात, आणि त्यांचं जवळचं नातं शिंजीराशी नाही, पाकोळ्यांशी आहे. ऐकायला विचित्र वाटतं. पण अँडीज पर्वतातला महाकाय हमिंगबर्ड उडताना पाहिला की पटतं.

लांबी 20 सेंटिमीटरच्या वर, वजन साधारण 20 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ चिमणीच! क्युबातला सर्वांत छोटा हमिंगबर्ड 2 ग्रॅमही भरत नाही. रंगाने मात्र हा अगदीच साधा. वरून मातकट, खालून फिकट विटकरी, कमरेवर पांढुरकं. लखलखणारं काहीच नाही. पंख सेकंदाला जेमतेम 15 वेळा हलतात आणि मध्येच तो पंख पसरून तरंगतो, त्यामुळे दुरून पाकोळीच वाटतो. डार्विनने 1834मध्ये तो चिलीत पाहिला, तेव्हा त्यालाही ही संथ, जोरकस फडफड नवलाची वाटली होती.

त्याला घनदाट जंगलात शोधू नये. इक्वेडोरपासून चिली-अर्जेंटिनापर्यंतच्या कोरड्या दऱ्या, निवडुंग आणि काटेरी झुडपांचे उतार, अननसाच्या कुळातल्या पुयाचे उंच तुरे, हे त्याचं घर. चिलीत तो थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत उतरतो.

चिलीतले हे पक्षी हिवाळ्यात जायचे कुठे, हे कोडंच होतं. शास्त्रज्ञांनी त्यांच्या पाठीवर इवलीशी यंत्रं बसवली तेव्हा कळलं, की ते पेरूच्या पर्वतांत 4000 मीटरच्याही वर जातात. जाऊन-येऊन 8000 किलोमीटरहून जास्त प्रवास! चढताना ते गिर्यारोहकांसारखे मध्ये काही दिवस थांबतात, विरळ हवेची सवय करून घेतात.

पेरूत तर असेच पक्षी बारा महिने राहतात. मग जनुकं तपासली आणि 2024मध्ये निष्कर्ष आला: स्थलांतर करणारे दक्षिणेकडचे आणि डोंगरातच राहणारे उत्तरेकडचे, या दोन वेगळ्या जाती आहेत. वीसेक लाख वर्षांपूर्वीच, कदाचित त्याही आधी, त्यांच्या वाटा फुटल्या. या पक्ष्याचं शास्त्रीय नामकरण 1824चं. आकारामुळे ‘चुकणारच नाही’ अशी ज्याची ख्याती, त्याच्या ओळखीत चूक सापडायला बरोबर 200 वर्षं लागली!

आणि अडचण अजून आहेच. चिलीकर पाहुणे पेरूत उतरले की दोन्ही जाती एकाच परिसरात फिरतात. तेव्हा समोरचा पक्षी पाहुणा की यजमान, हे नुसत्या दुर्बिणीतून सांगणं जवळपास अशक्य.