फुटक्या विटेचे ओटे : विद्यार्थी-कार्यशाळांची पार्श्वभूमी

वीटभट्टीवरचे तुकडे, पाडलेल्या घरांची कौले आणि कुंभाराकडची फुटकी मडकी वापरून शाळा-कॉलेजची मुले चौकात, बसथांब्यावर ओटे बांधतात. या कामाची मुळे सुरखीत, म्हणजे भाजलेल्या विटेच्या भुकटीत, आहेत. सिमेंट येण्याआधी विहिरी, हौद आणि पूल चुना व विटेच्या भुकटीच्या गाऱ्यात बांधत. 600 ते 800 अंशांवर भाजलेल्या मातीतले सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, म्हणून हा गारा ओलाव्यातही घट्ट होतो. पुढे सिमेंट सोपे पडले, सुरखी कुटणारे हात थांबले आणि भट्टीवरचा चुरा नुसता भरावाला जाऊ लागला.

शिक्षणाच्या बाजूचा धागा तर खान्देशातूनच जातो. 1936 चे फैजपूरचे (जळगाव जिल्हा) काँग्रेस अधिवेशन खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या स्थानिक, साध्या साहित्यातून उभी केली. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची ‘नई तालीम’ मांडली गेली. 2016 च्या केंद्रीय नियमांनी बांधकामाचा राडारोडा वेगळा करणे बंधनकारक केले, तर 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार-कुंभारांसारख्या कारागिरांकडे शिकण्याची सोय सुचवली. आजच्या कार्यशाळांना या दोन्हींचा आधार मिळतो.

खरी परीक्षा निवडीत असते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजले पाहिजेत. बद्द आवाजाचा, पिवळट तुकडा कच्चा. तो पहिल्याच पावसाळ्यात झिजतो. जळून काळा, काचेसारखा झालेला तुकडा ओट्याच्या पायाभरणीत चालतो, पण त्याची सुरखी करू नये, कारण चुन्याशी तो फारसा संयोग पावत नाही. सर्वात फसवे असतात पांढरे ठिपके. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, पुढे ओल लागली की तो फुगतो आणि विटेचा टवका उडवतो. म्हणून तुकडे 24 तास पाण्यात बुडवून ठेवावेत. ज्यांना फुटायचे ते तिथेच फुटतात, आणि भिजलेली वीट गाऱ्यातले पाणीही शोषत नाही.

दीड मीटर लांब, 45 सेंमी रुंद आणि 45 सेंमी उंच भरीव ओट्याला दीडशेच्या आसपास अख्ख्या विटांइतका माल लागतो. गारा म्हणजे एक भाग पाण्यात विरवलेला चुना आणि दोन भाग मैद्यासारखी चाळलेली सुरखी. चुना विरवताना उकळतो, अंगावर उडतो. ते काम मुलांना देऊ नये. पाया काळ्या मातीवर टेकवला तर उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि ओटा मधोमध तडकतो. निदान 60 सेंमी माती काढून मुरूम धुमसावा. बैठकीला पुढच्या बाजूला एक सेंमी उतार द्यावा, कौलांच्या कडा घासून घ्याव्यात.

काम दिवाळीनंतर धरून फेब्रुवारीच्या आत उरकलेले बरे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांकडे जातो आणि गारा घट्ट होण्याआधीच सुकतो. बांधलेल्या ओट्यावर ओले गोणपाट तीन आठवडे राहिले पाहिजे. अध्येमध्ये वाळलेला गारा नखाने भुकटीसारखा सुटतो; वरून पाणी मारून तो सुधारत नाही, तेवढा थर खरवडून नव्याने भरावा लागतो.