लॉगॉन स्क्रिप्ट : बिघाड आणि शोध

लॉगॉन स्क्रिप्ट म्हणजे डोमेनमधल्या (कंपनीच्या सर्व्हरवरून एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या विंडोज संगणकांच्या जाळ्यातल्या) संगणकावर नाव-पासवर्ड टाकून आत शिरले की आपोआप चालणारी छोटी फाइल. सामायिक फोल्डरला ड्राइव्हचे अक्षर देणे आणि प्रिंटर जोडणे ही तिची नेहमीची कामे. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत ती आहे हे कळते ते बहुधा ती चालली नाही तेव्हाच. सकाळी पहिल्या पाळीचा सुपरवायझर लॉगइन करतो, ड्रॉइंगचा फोल्डर सापडत नाही आणि आयटीवाल्याला फोन जातो : "साहेब, झेड ड्राइव्ह गेला."

स्क्रिप्ट लावण्याच्या वाटा दोन. विंडोज एनटीच्या काळापासूनची वाट अशी की फाइल सर्व्हरच्या 'नेटलॉगॉन' नावाच्या सामायिक फोल्डरात ठेवायची आणि तिचे नाव वापरकर्त्याच्या खात्यातील प्रोफाइल टॅबवर लिहायचे. विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधल्या खात्यांची आणि संगणकांची नोंदवही) आली आणि ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम लागू होणाऱ्या नियमसंचातून, स्क्रिप्ट देता येऊ लागली. ती सर्व्हरच्या 'सिसव्हॉल' या सामायिक फोल्डरात, त्या पॉलिसीच्या फोल्डरात राहते.

बिघाड एकाचाच आहे की सगळ्यांचा, हे आधी विचारावे. मग त्याच वापरकर्त्याच्या लॉगइनमध्ये स्क्रिप्ट हाताने चालवून पाहावी. ती बिनतक्रार चालली तर तिच्या ओळी चाळण्यात वेळ घालवू नये. दोष तिच्या आधीच्या पायऱ्यांवर आहे. (फाइल मुळात 'मॅप.बॅट.टीएक्सटी' या नावाने सेव्ह झालेली नाही ना, तेवढे बघून घ्यावे. विंडोज एक्स्टेन्शन लपवते, त्यामुळे हे जाणत्यांच्याही हातून होते.)

सर्वांत फसवा दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचा. डोमेनमधल्या पीसीने डोमेन कंट्रोलर (लॉगइन तपासणारा सर्व्हर) शोधायचा तो डीएनएसला विचारून, म्हणून पीसीच्या डीएनएस सेटिंगमध्ये आपल्याच सर्व्हरचा पत्ता हवा. पण "नेट स्लो चालतंय" म्हणून कुणीतरी तिथे ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता टाकून ठेवतो. इंटरनेट झकास चालते, म्हणून संशय येत नाही. बाहेरच्या डीएनएसला मात्र आपल्या डोमेनचा पत्ता ठाऊकच नसतो. लॉगइन तरीही होते, कारण विंडोज मागच्या १० वापरकर्त्यांची ओळख पीसीवरच जपून ठेवते. माणूस आत गेला, म्हणजे सर्व्हर भेटला असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात भेटलेला नसतो. 'नेट यूज' ही ड्राइव्ह जोडण्याची आज्ञा हाताने दिल्यावर एरर ५३ (नेटवर्कवरचा मार्ग सापडला नाही) आला, तर स्क्रिप्ट सोडून नेटवर्ककार्डच्या सेटिंगकडे वळावे.

दुसरी गंमत उशिराची. विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ पासून ग्रुप पॉलिसीतली लॉगॉन स्क्रिप्ट मुळातच ५ मिनिटे थांबून चालते. सिडकोतून निघालेला आयटीवाला अंबडला पोचेपर्यंत ड्राइव्ह उगवलेला असतो आणि बिचारा सुपरवायझर खोटा ठरतो. 'कॉन्फिगर लॉगॉन स्क्रिप्ट डिले' ही पॉलिसी डिसेबल केली की हा थांबा जातो.

ग्रुप पॉलिसी लागू झाली का, हे 'जीपीरिझल्ट /आर' ही आज्ञा सांगते. मात्र ही आज्ञा त्याच वापरकर्त्याच्या लॉगइनमध्ये द्यावी. जून २०१६ च्या सुरक्षा अपडेटपासून वापरकर्त्याची पॉलिसीही संगणकाच्या ओळखीने वाचली जाते. त्यामुळे पॉलिसीच्या परवानग्यांतून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' (डोमेनमधली सगळी खाती, संगणकांचीही) काढून फक्त अकाउंट्स विभागाचा गट ठेवला असेल, तर पॉलिसी गुपचूप गळते. 'डोमेन कॉम्प्युटर्स'ला वाचण्याची परवानगी दिली की काम होते.

कधी ड्राइव्ह एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडलेल्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. यूएसीमुळे (ॲडमिनचे अधिकार वेगळे ठेवणाऱ्या विंडोजच्या सुरक्षेमुळे) ही दोन स्वतंत्र लॉगॉन सत्रे धरली जातात. स्क्रिप्टचा यात दोष नाही. सिन्नरच्या शाखेतला माणूस लॉगइन झाल्यावर व्हीपीएन (इंटरनेटवरून कंपनीच्या नेटवर्कशी जोडणी) जोडत असेल, तर स्क्रिप्टच्या वेळी सर्व्हर वाटेवर नसतोच.

माग लागत नसेल तर स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तारीख, वेळ आणि पीसीचे नाव टेम्प फोल्डरातल्या फाइलीत लिहून घ्यावे. फाइल उमटलीच नाही, तर स्क्रिप्ट सुरूच झाली नाही.

सर्व्हर २००८ पासून ड्राइव्ह जोडण्यासाठी ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधला (ग्रुप पॉलिसीतल्या तयार सेटिंगमधला) 'ड्राइव्ह मॅप्स' हा स्क्रिप्टविना चालणारा पर्याय आहे आणि नव्या मांडणीत तोच घ्यावा. फक्त जुनी बॅट फाइल (म्हणजे स्क्रिप्ट) प्रोफाइल टॅबवरून काढायला विसरू नये. तसे झाले तर दोन्ही एकाच झेडवर हक्क सांगतात आणि काळ्या खिडकीत क्षणभर एरर ८५ चमकून जातो : हे अक्षर आधीच वापरात आहे.