चुकीनंतरचा अर्धा सेकंद

नीटचा निकाल लागला की आमच्या लातुरातल्या ट्यूशन एरियात आठ-दहा दिवस एकच वाक्य कानावर पडत राहतं. यंदा एका आईनं ते पोराच्या देखतच म्हटलं, "सर, याचं डोकंच नाही हो तेवढं. याच्या बापाचंबी असंच होतं." पोरगं रिपीटर बॅचचं. त्याच्या हातात सराव परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका होती. त्यानं एकूण गुणांचा आकडा पाहिला, कागदाची चार पदरी घडी घातली आणि दप्तरात सारली. कुठला प्रश्न चुकला हे पाहिलंच नाही.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. त्या माउलीचा मला राग आला नाही. आपल्याकडं पाचवीच्या रात्री बाळाजवळ कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणून. पूजा मायेनं होते, पण लेकराच्या कपाळावर कुणी काही लिहीत नाही, हे स्पष्ट सांगायलाच हवं. आता तर सटवाईच्या जागी बोटांचे ठसे पाहून 'बुद्धीचा कल' सांगणारे येऊन बसलेत. ठसे आईच्या पोटातच उमटतात. लेकराला गणित जमेल की नाही, हे त्यांवरून कळत नाही.

मग चूक झाली की मेंदूत होतं काय?

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात जेसन मोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 25 विद्यार्थी. बुद्धी जन्मापासून ठरलेली असते की वाढवता येते, याबद्दल त्यांना काय वाटतं हेही विचारून घेतलं. प्रयोगात डोक्यावर विद्युत-संवेदकांची टोपी चढवली आणि पडद्यावर क्षणभर पाच अक्षरं दाखवली. कधी पाचही एकसारखी, कधी मधलं वेगळं. मधलं अक्षर कुठलं ते बटण दाबून सांगायचं. काम सोपं आहे, पण घाईत शेकडो वेळा केलं की माणूस चुकतोच. शास्त्रज्ञांना हव्या होत्या त्या चुकाच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. चुकीनंतर मेंदूत उठणारी लहर असते जेमतेम काही मायक्रोव्होल्टची, म्हणजे व्होल्टच्या काही दशलक्षांशांची. मेंदूचा इतर गोंगाट त्याहून मोठा. मग ती दिसणार कशी? गंजगोलाईत बाजाराच्या दिवशी उभे आहात असं समजा. कुठंतरी एक घंटा वाजते आणि तिच्यामागून दरवेळी एकच बारीक सूर येतो, पण गर्दीत तो ऐकू येत नाही. घंटेपासूनचा एकेक सेकंद शंभर वेळा ध्वनिमुद्रित करा, शंभरही तुकडे एकावर एक रचा आणि सरासरी काढा. गर्दीचा आवाज दरवेळी निराळा, त्यामुळं तो आपसांत कटत जातो. सूर दरवेळी तोच, तो टिकतो. गोंगाट नमुन्यांच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो, म्हणून शंभर नमुन्यांत तो दहापट कमी. इथं घंटा म्हणजे चुकीचं बटण दाबल्याचा क्षण.

अशा सरासरीतून दोन लहरी वर येतात. पहिली चुकीनंतर साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात उठते, चूक झाली हे माणसाला नीट उमगायच्या आत. तिला ईआरएन म्हणतात. दुसरी, पीई, त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात पसरते. चुकीकडं जाणीवपूर्वक लक्ष गेल्याची ती खूण मानली जाते.

मोझर यांना पहिल्या लहरीचा आणि समजुतीचा संबंध आढळला नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. 'माझं डोकंच नाही' म्हणणाऱ्याच्या मेंदूलाही चूक तितकीच चटकन टिपता येते! फरक दुसऱ्या लहरीत होता. बुद्धी वाढते असं मानणाऱ्यांची ती लहर मोठी होती आणि चुकीच्या लगेच नंतरचं उत्तर त्यांचं जास्त वेळा बरोबर येत होतं. दप्तरात गेलेली ती चार पदरी घडी मला इथं आठवते.

25 जणांवरून जगाचा नियम मांडता येत नाही. समजुतीमुळंच लहर वाढली, हेही या प्रयोगानं सिद्ध होत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे 12,000 मुलांना तासाभरापेक्षा कमी वेळात, संगणकावर, बुद्धी वाढू शकते हे समजावून सांगितलं. अभ्यासात मागं असलेल्यांचे गुण वाढले, पण साधारण चार गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी 0.1 एवढेच. आपल्याकडं दोन तासांच्या व्याख्यानात आयुष्य बदलून देतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. आणि ज्या गावात विज्ञानाचा शिक्षकच नाही, दुष्काळात फी भरायला बाप ऊसतोडीला जातो, तिथल्या पोराला 'तुझी मानसिकता बदल' म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

त्याच रिपीटर बॅचमध्ये परभणीकडची एक मुलगी आहे. ती चुकांची वही ठेवते. प्रश्न, मी काय लिहिलं, तसं का वाटलं, बरोबर काय. ज्या उत्तराची पक्की खात्री होती आणि तेच चुकलं, त्यापुढं दोन चांदण्या. परवा विचारत होती, "सर, चांदण्यावाल्या चुका परत होत नाहीत. अंदाजानं ठोकलेल्या मात्र होतात. असं का?"

मी तिला बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांचा 2001 चा प्रयोग सांगितला. खात्रीनं दिलेलं उत्तर चुकीचं निघालं, की माणूस चमकतो, लक्ष तिकडं वळतं आणि दुरुस्ती जास्त पक्की बसते. तिनं वही उघडून चांदण्यांची पहिली नोंद दाखवली. फुप्फुसधमनीत कुठलं रक्त? तिनं लिहिलं होतं, ऑक्सिजनयुक्त. 'तसं का वाटलं'च्या रकान्यात होतं : धमनी म्हणजे शुद्ध रक्त, असं सातवीपासून पाठ आहे. आणि खाली लाल शाईनं : हृदयापासून दूर नेते ती धमनी, रक्त कसलंही असो.