बालपणीची परिस्थिती आणि आरोग्य सर्वेक्षणातील प्रौढांचा सहभाग

माणूस कोणत्या घरात, किती ओढगस्तीत किंवा सुबत्तेत वाढला, याचा मोठेपणी त्याच्या आरोग्य सर्वेक्षणातील सहभागाशी असलेला संबंध. साथरोगशास्त्र, लोकसंख्याशास्त्र आणि नमुना पाहणीचे संख्याशास्त्र या तिन्ही शाखांच्या सीमेवरचा हा विषय आहे. बालपणीच्या परिस्थितीत साधारणपणे आईवडिलांचे शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, खोलीमागे माणसे, दीर्घ आजारपण, उपासमार, पालकाचा मृत्यू आणि घरातली मारहाण एवढ्या गोष्टी धरतात. सहभाग हा शब्द मात्र फसवा आहे. माणूस घरी सापडणे, त्याने होकार देणे, मुलाखत शेवटपर्यंत देणे, बोटाला सुई टोचू देणे आणि काही वर्षांनी दुसऱ्या फेरीला पुन्हा भेटणे या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. अहवालांत या सगळ्यांना 'प्रतिसाद' हा एकच शब्द लावण्याची रीत पडली आहे, आणि या विषयातले बरेचसे मतभेद त्या एका शब्दातून निघालेले दिसतात.

विषयाचा उगम नेमका कुठला, याबद्दल दोन मते मांडता येतात. पहिल्या मताने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जातो. विल्यम ओगल यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमधील व्यवसायनिहाय मृत्यूंची चर्चा करताना, कष्टाच्या धंद्यात मुळातच धडधाकट माणसे शिरतात व टिकतात, म्हणून तिथले मृत्युमान फसवे दिसते, हे दाखवले होते. ज्याला पुढे 'निरोगी कामगार परिणाम' म्हटले गेले त्याचे हे बीज. दुसऱ्या मताने खरा आरंभ १९४६ च्या मार्चमधील एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासापासून धरावा. त्यांतील ५,३६२ मुलांचा पुढे आयुष्यभर माग ठेवला गेला. १९५८ आणि १९७० मध्ये असेच जन्मगट उभे राहिले. योगायोगाने १९४६ मध्येच जोसेफ बर्कसन यांनी रुग्णालयातील रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष कसे चुकतात याचे गणित मांडले, आणि १९७६ मध्ये डोनाल्ड रुबिन यांनी गहाळ माहितीचे वर्गीकरण केले. परंतु हे दोघेही बालपणाविषयी बोलत नव्हते. प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे, कारण साधे आहे. जो माणूस पाहणीला आलाच नाही त्याचे बालपण कसे होते, हे सांगू शकणारी कागदपत्रे फक्त जन्मापासून माग ठेवणाऱ्या अभ्यासांपाशी असतात. एकदाच दार वाजवणाऱ्या पाहणीला न उघडलेल्या दारामागच्या माणसाचे लहानपण कधीच कळत नाही. डेव्हिड बार्कर यांनी १९८६ पासून अर्भकावस्थेतील पोषण आणि उतारवयातील हृदयविकार यांचा संबंध मांडल्यावर या उणिवेची बोच वाढली. बालपणच रोगाचे कारण असेल, तर त्याच बालपणामुळे माणसे अभ्यासातून गळत असल्यास उरलेल्यांवरून काय सिद्ध होणार?

ब्रिटिश जन्मगटांतून निघालेले चित्र पुष्कळसे एकसुरी आहे. कमी उत्पन्नाच्या, अंगमेहनत करणाऱ्या वडिलांच्या घरात वाढलेली, शाळेतील चाचण्यांत मागे पडलेली किंवा लहानपणी वर्तनाच्या अडचणी असलेली मुले मोठेपणी अभ्यासातून अधिक गळतात. २००६ ते २०१० या काळात उभ्या राहिलेल्या यूके बायोबँकेने, म्हणजे ब्रिटनमधील आरोग्यविषयक माहितीच्या मोठ्या संग्रहाने, ४० ते ६९ वयाच्या सुमारे ९२ लाख लोकांना बोलावले, आले ५.५ टक्के, आणि ते सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कमी वंचित भागांतले व अधिक निरोगी होते. याच्या उलट बाजूस अमेरिकेतील सॅन दिएगो येथील बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा अभ्यास उभा आहे. १९९५ ते १९९७ मध्ये झालेल्या त्या अभ्यासाच्या पहिल्या फेरीत सुमारे ७० टक्के लोकांनी उत्तरे पाठवली, आणि उत्तर न पाठवणाऱ्यांची तपासणी केली असता निष्कर्ष उलटेल असा फरक आढळला नाही. मात्र ती सगळी एकाच आरोग्यविमा संस्थेची सभासद मंडळी होती, त्यामुळे त्या अभ्यासाचा निर्वाळा इतरत्र लावताना जपून लावावा.

संबंध का पडतो, यावर एक मत असे की बालपण स्वतः काही करत नाही; ते शिक्षण, नोकरी, घर आणि प्रकृती यांच्या वाटेने काम करते, आणि सहभाग ठरतो तो या मोठेपणीच्या गोष्टींनी. दुसरे मत असे की लहानपणी शाळा, दवाखाना, पोलीस किंवा सावकार यांच्याकडून जी वागणूक मिळाली तिचा ठसा स्वतंत्रपणे उरतो व अनोळखी माणसाच्या हातातील फॉर्मविषयी सावधपणा देतो. पहिल्या मताला आकड्यांचा आधार अधिक आहे. दुसरे मोजायला कठीण आहे, पण ज्यांनी दारोदार पाहणी केली आहे ते हे मत सहसा सोडून देत नाहीत.

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की सहभाग फक्त बालपणावर अवलंबून असेल तर एक प्रकारची चूक होते, आणि तो बालपण व आजार या दोहोंवर मिळून अवलंबून असेल तर वेगळ्याच प्रकारची. समजा, एका वस्तीत हलाखीत वाढलेले १०० व सुस्थितीत वाढलेले १०० प्रौढ आहेत; पहिल्यांत ३० जणांना मधुमेह आहे, दुसऱ्यांत १५ जणांना. पहिल्यांपैकी ६० व दुसऱ्यांपैकी ८० आले, आणि येण्याचा आजाराशी काही संबंध नसला, तर दोन्ही गटांतील प्रमाण ३० व १५ टक्केच निघते. वस्तीची सरासरी तेवढी २२.५ वरून २१.४ टक्क्यांवर येते, आणि भारांकन करून, म्हणजे कमी आलेल्या गटाला हिशेबात तेवढे अधिक वजन देऊन, ती दुरुस्तही होते. आता दुसरी शक्यता पाहा. हलाखीत वाढलेल्या ३० आजारी माणसांतील १२ च आली, कारण बाकीची दवाखान्याच्या रांगेत होती, गावी गेली होती किंवा खाडा नको म्हणून कामावर होती. आणि निरोगी ७० पैकी ४८ आली. दुसऱ्या गटात १५ पैकी १२ व ८५ पैकी ६८ आली. संख्या पुन्हा ६० आणि ८० च. पण आता प्रमाण निघते २० व १५ टक्के. पंधरा टक्क्यांचा, म्हणजे दुपटीचा, फरक पाच टक्क्यांवर आला, आणि केवळ बालपणावरून भारांकन केले तरी तो तिथेच राहतो, कारण ६० चे १०० करताना २० टक्के हे २० टक्केच राहतात. ज्यांनी लहानपणी सर्वाधिक सोसले त्यांचे सोसणे अशा तक्त्यात सर्वांत कमी दिसते. या विषयाची निकड इथे आहे, आणि ती पुरेशी ओळखली गेलेली नाही.

आता उदाहरण मुंबईचे. भारतातील मोठ्या आरोग्य पाहण्यांचा कारभार या शहरातून चालतो. गोवंडी-देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली. १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फेऱ्या तिच्याच देखरेखीखाली झाल्या. पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभर प्रतिसाद घरांचा ९८, स्त्रियांचा ९७ आणि पुरुषांचा ९२ टक्के होता. ब्रिटनच्या साडेपाच टक्क्यांशेजारी हे आकडे ठेवले की प्रश्न इथे नाहीच असे वाटते. वस्तुस्थिती अशी की इथे गळती दारात 'नाही' म्हणण्यातून कमी आणि आधीच्या व नंतरच्या पायऱ्यांवर अधिक होते.

मुंबईत ब्रिटिश चित्र काही अंशी उलटेही होते. १९९१ ते १९९७ या काळात मुख्य शहरातील ३५ वर्षे व त्याहून मोठ्या सुमारे १ लाख ४८ हजार लोकांना घेऊन उभ्या राहिलेल्या मुंबई समूह अभ्यासात मतदारयाद्यांचा आधार घेतला होता, आणि उच्च मध्यम व उच्च वर्गाच्या गृहसंकुलांची मतदान केंद्रे सुरक्षा व्यवस्थेमुळे आत जाणे जड म्हणून वगळली होती. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर व माटुंगा परिसरांतील तीन विभागांत केलेल्या करोनाच्या प्रतिपिंड पाहणीत ८,८७० नमुन्यांचे उद्दिष्ट होते, मिळाले ६,९३६. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के व इतरत्र सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, आणि इमारतींतून नमुने मिळवणे अधिक अवघड गेले. वॉचमन, रजिस्टर, सेक्रेटरीची परवानगी ही साखळी सुखवस्तू बालपणाला नमुन्याबाहेर ठेवते. चाळीत आणि वस्तीत दार उघडे असते, पण आतला कमावता माणूस नसतो. तेव्हा दोन्ही टोके निसटतात आणि मधली माणसे शहराचे प्रतिनिधित्व करतात. ब्रिटिश निष्कर्ष उचलून मुंबईला लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांच्या बालपणाविषयी फारच थोडे विचारतात. त्यातला एक प्रश्न घरगुती हिंसेच्या भागात येतो: तुमचे वडील तुमच्या आईला मारत असत का? हा भाग निवडलेल्या घरातील एकाच स्त्रीला, आणि तेही पूर्ण एकांत मिळाला तरच विचारायचा. कोणी आले तर थांबायचे, असा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पलंगावर सासरे, पोटमाळ्यावर अभ्यास करणारा मुलगा, उंबऱ्यात गहू निवडत बसलेली शेजारीण. मुलाखत घेणारी ताई आवाज खाली आणते, शेजारीण मान वर करते, आणि ताई पान उलटते. म्हणजे बालपणी मार पाहिला का, हा प्रश्न जिथे खोली सर्वांत लहान तिथे विचारला जाण्याचीच शक्यता सर्वांत कमी.

बालपणाविषयी थेट विचारणारी मोठी पाहणी म्हणजे भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ व त्यापुढील वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जण होते. लहानपणीची प्रकृती कशी होती, घरची आर्थिक स्थिती बरी होती, मध्यम होती की गरिबीची, असे प्रश्न त्यात आहेत. गिरणगावातल्या माणसाला हे विचारले की उत्तर ठरलेले असते: "आमच्या वेळी सगळ्यांचीच तशीच होती, ताई." तो स्वतःला शेजारच्या खोलीशी ताडून पाहतो, आणि फॉर्मवर 'मध्यम' पडते. वय सांगतानाही तसेच होते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकली ती आयुष्यभराची झाली.

याहून अवघड प्रश्न बालपण कुठले धरायचे हा आहे. बाप गिरणीत, खानावळीत जेवणारा आणि गाळ्यात पाळीने झोपणारा. आई व मुले रत्नागिरी, सातारा किंवा सिंधुदुर्गात, अशी घरे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्या काळात कितीतरी मुले शाळा मध्येच सोडून आजीकडे गेली. त्यांतली जी परतली ती आज पन्नाशीच्या आसपास आहेत. परत न आलेल्यांचे बालपण मुंबईच्या कुठल्याच तक्त्यात नाही, आणि परतलेल्यांचे 'शहरी' म्हणून नोंदले जाण्याचा संभव आहे.

ठसा उमटतो या मताच्या बाजूने मुंबईच्या इतिहासात दाखले आहेत. प्लेगच्या काळात घरांची झडती होई, रुग्ण उचलून नेले जात. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. तो धागा आजच्या नकारापर्यंत ओढणे फार ताणल्यासारखे होईल. आणीबाणीतील नसबंदी मोहिमेबद्दल तसे म्हणता येत नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. सरकारी माणूस आला की बापाने मागच्या दाराने निघून जावे, हे ज्या मुलांनी तेव्हा पाहिले ती आज नेमकी वार्धक्याच्या पाहणीच्या वयाची आहेत. हा संबंध मोजला जावा असे प्रस्तुत लेखकास तळमळीने वाटते.

न आलेल्यांचे बालपण पुढेमागे सांगू शकेल असा एक अभ्यास शहरात आहे. २००६ ते २०१२ या काळात वांद्रे परिसरातील वस्त्यांमध्ये स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाज्या, फळे व दूध यांचा रोजचा खाऊ दिला गेला, आणि जन्मलेल्या मुलांची ५ ते १० वर्षे वयात पुन्हा तपासणी झाली. या मुलांच्या जन्माआधीची परिस्थिती कागदावर आहे. अडचण माग ठेवण्याची. बाळंतपणाला माहेरी जाणे, भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलणे, पुनर्वसनात संक्रमण शिबिरात हलणे, यांत पत्ते हरवतात. तिथे संगणकापेक्षा त्याच गल्लीत राहणारी आरोग्यसेविका उपयोगी पडते. पोरीचे लग्न कुठे झाले आणि बिऱ्हाड नालासोपाऱ्याला की दिव्याला गेले, हे तिला तोंडपाठ असते.

घरगुती नमुन्यात न बसणाऱ्यांविषयी लिहिण्याजोगे थोडेच आहे. पदपथावर राहणारे, जरीच्या कारखान्यात कामाच्या जागीच पथारी टाकणारे, आणि डोंगरीच्या बालगृहात किंवा माहीमच्या डेव्हिड ससून शाळेत वाढून बाहेर पडलेले प्रौढ यांतील पुष्कळांच्या नावाने घरयादीत ओळच नसते. नमुना पाडताना यादीत ओळ असलेल्या घरांतूनच चिठ्ठी निघते.