‘परवानगी’ की मोकळीक? वॉर्डातल्या लैंगिक शंकांची पार्श्वभूमी

मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये निघाले, तर लैंगिक आरोग्यावर उघड लिहिणारे मराठी मासिक १९२७ मध्ये. वॉर्डात हा विषय खऱ्या अर्थाने शिरला तो १९८६ नंतर, एचआयव्हीच्या भीतीबरोबर, आणि आला तोही फक्त आजार म्हणून. लक्षणांनुसार औषधांची रंगीत किट आली: योनिस्रावाला हिरवे, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळे. औषध मिळाले. पण ‘सिस्टर, पिशवी काढलीय, आता संबंध ठेवले तर चालतात का?’ हा प्रश्न तसाच राहिला.

त्यासाठी परिचारिकांना शिकवली जाणारी चार पायऱ्यांची पद्धत १९७६ ची आहे: परवानगी, मर्यादित माहिती, नेमक्या सूचना, सखोल उपचार. घोळ पहिल्याच शब्दात आहे. मराठीत परवानगी म्हटले की सिस्टरने रुग्णाला ‘विचारू का?’ म्हणायचे, असे वाटते. मूळ अर्थ उलटा आहे: हे इथे बोलता येते, अशी मोकळीक रुग्णाला द्यायची. सासू खाटेशी उभी असताना ‘खासगी प्रश्न विचारू का?’ म्हटले तर ‘नको’ हेच उत्तर येणार आणि कागदावर ‘शंका नाही’ अशी नोंद होणार. त्याऐवजी सासूबाईंना औषधे आणायला पाठवावे. खाटेभोवतीच्या स्क्रीनमधून आवाज जातोच, म्हणून रुग्णाला ड्रेसिंग रूममध्ये न्यावे आणि म्हणावे, ‘या ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल शंका असते. तुम्हाला काही विचारायचंय का?’ या पद्धतीच्या २००६ च्या सुधारित मांडणीत ही मोकळीक प्रत्येक पायरीवर आहे. आज ‘नको’ म्हणाली, तरी टाके काढताना पुन्हा विचारायचे.

मर्यादित माहिती म्हणजे एवढीच: पिशवी काढल्यावर साधारण सहा आठवडे थांबा, कारण आतले टाके भरायचे असतात, रक्त गेले तर दाखवा. हृदयविकाराच्या रुग्णाला दोन जिने न धापता, छातीत न दुखता चढता येतात का, हे विचारायचे. जिभेखालची नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताठरतेची गोळी घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळतो. बीपीच्या गोळीने ताठरता कमी झाली असे वाटले, तरी ती गोळी परस्पर बंद करायची नाही. डॉक्टर बदलून देऊ शकतात.

२०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने १८ वर्षांखालील मुलामुलींवरचा लैंगिक गुन्हा कळवणे बंधनकारक झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने गर्भपातापुरती थोडी सवलत दिली: मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांना कळवताना तिचे नाव द्यावे लागत नाही. म्हणून मुलगी बोलू लागण्याआधीच, तिने सांगितलेले कळवावे लागू शकते, हे सिस्टरने तिला सांगायला हवे.