कर्णबधिर मुलांना दहावीनंतर आयटीआयसाठी शिष्यवृत्ती: सातारा-सांगलीच्या पालकांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

दहावीचा निकाल लागला की आधी प्रवेशाची धावपळ होते आणि शिष्यवृत्तीची आठवण त्यानंतर येते. घरात कर्णबधिर मूल असेल तर हा क्रम उलटा ठेवा. प्रवेशातली राखीव जागा असो की केंद्राची शिष्यवृत्ती, दोन्हीकडे पहिल्यांदा यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र मागतात आणि ते मिळायला वेळ लागतो. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आम्ही निकालानंतर धावाधाव सुरू केली. कार्ड आलं तोवर अर्जाची मुदत संपली होती आणि पहिल्या वर्षाचे पैसे गेले. म्हणून मूल दहावीत असतानाच, दिवाळीच्या सुट्टीत हे काम उरका.

40 टक्क्यांचं गणित

शिष्यवृत्तीसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांची श्रवणहानी 70 डेसिबल किंवा जास्त असेल तर व्यक्ती कर्णबधिर ठरते, 60 ते 70 असेल तर ऐकू कमी येणारी. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन देतात. म्हणजे चांगल्या कानाचे टक्के गुणिले पाच, त्यात दुसऱ्या कानाचे टक्के मिळवायचे आणि सहाने भागायचं. त्यामुळे एक कान पूर्ण गेलाय पण दुसरा ठणठणीत आहे, अशा मुलाचे 40 टक्के भरत नाहीत. हे आधीच कळलं तर हेलपाटे वाचतात.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. आधार, फोटो, सही आणि रहिवासाचा पुरावा लागतो. मग तपासणीला सांगलीकरांनी पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात आणि सातारकरांनी क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात जायचं. जुने ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख), बेरा म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते बघणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट, श्रवणयंत्राची पावती, जे असेल ते सोबत न्या.

कानाच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मुलं गोंधळतात. बंद खोलीत मुलाला हेडफोन लावून बसवतात. आवाज आला की बोट वर करायचं किंवा बटण दाबायचं, एवढंच काम. श्रवणयंत्र काढून ठेवायला सांगतात आणि नेमकं तेव्हाच सूचना तोंडी दिल्या जातात. माझा भाऊ काचेपलीकडच्या मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत अंदाजाने बोट वर करत होता. मी आत जाऊन खुणांनी सांगितलं, "अगदी बारीक आवाज आला तरी बोट वर, नाही आला तर गप्प बस." मग पुन्हा पहिल्यापासून चाचणी घेतली. मुलाला खुणांची भाषा येत असेल तर ती येणारं माणूस सोबत हवंच आणि घरी आदल्या दिवशी हे समजावून ठेवा.

प्लॅस्टिकचं कार्ड पोस्टाने यायची वाट बघू नका, मंजुरीनंतर प्रमाणपत्र पोर्टलवरून डाउनलोड होतं. मात्र त्यावरची मुदत वाचा. काही मुलांचं प्रमाणपत्र कायमचं नसतं, ठरावीक वर्षांचं असतं.

पैसे कुठून मिळतात

मुख्य आधार केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा. अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत ती मिळते, त्यात आयटीआय आणि तंत्रनिकेतनातला डिप्लोमाही येतो. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. एका घरातल्या साधारण दोनच दिव्यांग मुलांना लाभ मिळतो. निर्वाह भत्ता, पुस्तकांचा भत्ता, दिव्यांगत्व भत्ता आणि परत न मिळणारी फी यात धरतात. वसतिगृहात राहणाऱ्याला घरून जाणाऱ्यापेक्षा जास्त मिळतं. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. नववी-दहावीसाठी वेगळी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, तीही सोडू नका.

राज्याची दिव्यांगांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर आहे. केंद्राची घेतली तर तिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, तेव्हा फॉर्म भरण्याआधी ठरवा. माझा सल्ला असा: आधी आयटीआयच्या कार्यालयात जाऊन विचारा, "आपली संस्था कोणत्या पोर्टलवर नोंदलेली आहे?" संस्थेची नोंदणीच नसेल तर तुमचा अर्ज पुढे सरकणार नाही.

कागदपत्रं आणि बँक खातं

यूडीआयडी, आधार, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाची व फीची पावती, बँक पासबुक आणि फोटो. उत्पन्न आणि अधिवासाचे दाखले आपले सरकार सेवा केंद्रातून काढून मिळतात. जूनमध्ये तिथे मरणाची गर्दी असते, मेमध्येच जा.

बँक खात्यावर अर्ज सगळ्यात जास्त अडतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत आधारची झेरॉक्स देणं आणि आधार सीडिंग होणं, म्हणजे सरकारी पैसे येण्यासाठी ते खातं आधारशी जोडलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भावाच्या दुसऱ्या वर्षी "आधार दिलंय की" असं काउंटरवर ठामपणे सांगितलं गेलं, पण तपासल्यावर सीडिंग घरातल्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला निघालं. बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुसरी गोष्ट नावाची. आधारवर वडिलांचं नाव "शिवाजी" आणि दाखल्यावर "शिवाजीराव" एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. यूडीआयडी, आधार, दाखला आणि पासबुक चारही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

मोबाइल नंबर मुलाचा स्वतःचा द्या. ओटीपी आणि मेसेज त्याला वाचता येतात. आमच्याकडे सगळं माझ्या नंबरवर होतं आणि मी कामावर असताना ओटीपी निघून जायचा. कार्यालयाला मात्र सांगून ठेवा, फोन करू नका, मेसेज टाका. राष्ट्रीय पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी असते, त्यात चेहऱ्याने ओळख पटवावी लागते, तेव्हा मूल समोर हवं.

संस्थेत गेल्यावर

ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं नाही. संस्थेने तो आपल्या लॉगिनमधून तपासून पुढे पाठवावा लागतो. प्रिंट आणि कागद कार्यालयात द्या, तारखेसह पोच घ्या आणि दर पंधरा दिवसांनी स्थिती बघा. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज दुरुस्त करायला थोडेच दिवस मिळतात.

ट्रेड, म्हणजे आयटीआयमधला कोर्स, निवडण्याआधी त्या ट्रेडच्या अभ्यासक्रमातला पहिला तक्ता बघा. कोणत्या दिव्यांगत्वाचा विद्यार्थी पात्र आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. शिष्यवृत्तीत खुणांच्या भाषेच्या दुभाष्याचा खर्च येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. वर्कशॉपमध्ये शिकवणारे सर यंत्राकडे तोंड करून बोलत असतात आणि मूल मागे उभं असतं. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच प्राचार्यांना अर्ज द्या. समोरची जागा, लिखित टिपणं आणि लेखी परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळ मागा.

दहावी झाली नसेल तर

मिरजेत दिव्यांग प्रौढांसाठी शासकीय प्रशिक्षण केंद्र आहे, राहण्याच्या सोयीसह. उन्हाळ्याअखेर त्याच्या प्रवेशाची बातमी स्थानिक वृत्तपत्रांत येते, कोणत्या कोर्सला किती शिक्षण लागतं ते त्यात असतं. केंद्राच्या पीएम-दक्ष दिव्यांगजन पोर्टलवरही मोफत कौशल्य प्रशिक्षणाची नोंदणी होते.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. श्रवणयंत्राच्या सेलसाठी किंवा शिक्षणाच्या साहित्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी मागणी करा. आणि यूडीआयडी खिशात असेल तर एसटीला 75 टक्के सवलत आहे. तासगावहून सांगलीला रोज ये-जा करणाऱ्या पोराच्या घरात ती महिन्याला जाणवते.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज विसरू नका. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आली की त्याच आठवड्यात भरा.