बायांना ऑफसाइड समजत नाही म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

"पुरुषांची मॅच खेळलीच नाही, त्या बाईले टीव्हीवर फुटबॉलचं काय समजते, ऑफसाइडबी समजत नाही" असा मेसेज गावातल्या ग्रुपवर कित्येक वर्षांपासून फिरून राह्यला. ऑफसाइड म्हणजे समोरच्या टीमच्या खेळाडूंच्या पुढं जाऊन पास घ्यायला मनाई करणारा नियम. ऐकायला पटते, कारण टीव्हीवर मॅचबद्दल बोलतांना आपण वर्षानुवर्षं पुरुषच पाहिले.

पण नियम पाहा, बायांच्या मॅचलेही 11 खेळाडू, 45-45 मिनिटं, तोच गोलपोस्ट अन् ऑफसाइडही तोच. मग पुरुषांत खेळली नाही म्हणून समज कमी कशी होईन? अन् जुन्या बायका खेळाडू टीव्हीवर कमी काहून, तर इंग्लंडातच 1921 पासून जवळपास पन्नास वर्षं बायांना मोठ्या क्लबांच्या मैदानावर खेळूच देत नव्हते, हे मले फार लागते.

टीव्हीवर बोलणाऱ्याले ऑफसाइड समजते का हे तपासायचं असंन तर पास देणाऱ्याच्या पायाचा बॉलले स्पर्श झाला त्याच क्षणी रिप्ले थांबवा, पुढचा खेळाडू समोरच्यांच्या हाफमधी, बॉलच्या पुढं अन् शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्याही (गोलकीपर धरून) पुढं आहे का पाहा, थ्रो-इनवर तर ऑफसाइड नसतेच. आपलं उत्तर वहीत लिहा, मग टीव्हीवर कोण काय बोललं ते जुळवा, बाई असो का माणूस, चार-पाच मॅच असंच करा.